बटणावरची कणीक

स्टॅन ग्रबोव्स्की गेला हे मला
स्टॅन ग्रबोव्स्कीने सांगितलं नाही,
म्हणून दोन दिवस पटलंच नाही.
ईरीत जे काही व्हायचं ते आधी त्याच्या तोंडून व्हायचं:
बर्फ, बंद पूल, कुणाचं हरवलेलं मांजर,
कारखान्यातून चारशे जणांना काढलं ते,
आणि त्याच दमात
चर्चच्या तळघरात रविवारी पॅनकेक.

मी इथे आले तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं.
ऐकता येत नव्हतं.
दुकानातली बाई दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा मान फिरवायची.
हा मात्र रोज तेच सांगायचा, न कंटाळता,
तापमान, वारा, पुन्हा तापमान,
जशी आई मुलाला घास भरवताना
तोच काऊ, तीच चिऊ.
ब्लॅक आइस म्हणजे काळा बर्फ नव्हे,
न दिसणारा,
हे मला त्याने सांगितलं. घसरून पडल्यावर कळलं असतं.

शाळा बंद असल्या की यादी वाचायचा.
आमची शाळा शेवटून दुसरी.
तोवर लाटणं हातात थांबलेलं, तव्यावरची पोळी करपलेली,
आणि जिन्यात हृषीकेश, एका पायात मोजा,
देव पाण्यात घालून बसलेला.

त्याच्या सातव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी फोन आला.
मिसेस खांबेटे, (त्याचंही काहीतरी भलतंच झालं)
तुमच्या मुलाचं नाव उद्या मला वाचायचंय. शिकवा.
मी म्हटलं, हृ.
तो म्हणाला, ह्री.
मी म्हटलं, नाही, जीभ अशी.
फोनवर जीभ कशी दाखवणार?
दहा मिनिटं आम्ही दोघं घोड्यासारखे फुरफुरत होतो.
सकाळी सगळ्या गावासमोर तो थांबला, श्वास घेतला,
आणि ऋषिकेश म्हणाला.
असू दे.
माझी सख्खी नणंदही तेच म्हणते, पुण्यात राहून.

आमचे हे सकाळी बोलत नाहीत.
भांडण नाही, स्वभाव आहे.
तीस वर्षं त्या घरात सहा ते आठ
बोलणारा माणूस एकच होता, फ्रिजवर ठेवलेला,
यार्ड सेलमधून दोन डॉलरला आणलेला.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचा खोकला वाढला.
आधी बटण दाबून लपवायचा,
मग लपेना.
मी पत्र लिहिलं: हळद, मध, आणि डॉक्टरला दाखवा.
पाकिटावर तिकीटही लावलं.
मग वाटलं, ओळख ना देख,
आणि ते चमच्यांच्या खणात ठेवलं.
अजून आहे.

चर्चमध्ये पेटी उघडी होती.
इतका बुटका असेल असं वाटलं नव्हतं.
कानात मशीन. म्हणजे इतकी वर्षं
आम्हाला ऐकू येणारा
स्वतः अर्धाच ऐकत होता.
त्याची बायको वांडा हात हातात घेऊन म्हणाली, आपण?
मी म्हटलं, हृषीकेशची आई.
तिने मान हलवली. तिला काही कळलं नाही.
माझ्यामागे रांग दारापर्यंत,
प्रत्येकाकडे एकेक वाढदिवस.

आता त्या जागी एक मुलगा बोलतो.
आवाज चांगला आहे. टेक्सासमधून बोलतो म्हणे.
आमच्या तळ्याचं नाव तो असं घेतो
जणू ते नकाशावर आहे.

रेडिओ पुसायला घेतला.
आवाजाच्या बटणाला कणीक वाळून बसलीय,
थरावर थर, माझ्याच बोटांची.
नखाने काढायला गेले, आणि राहू दिली.

आज पावणेसात. चहा झाला. सगळं गप्प.
पेपराआडून हे म्हणाले,
बाहेर किती आहे?

मी इकडे तिकडे पाहिलं.
मग खिडकी वर सारून हात बाहेर काढला,
बराच वेळ तसाच धरला.
खूप कमी आहे, म्हटलं.
टोपी घाला.